टिटवीच्या पोटातली गॅलरी

मित्रांनो, मी एक जुने अवकाशयान आहे. घाबरू नका, आणि फार हुरळूनही जाऊ नका, कारण मी आजवर एकदाही उडालेले नाही. माझी लांबी अडीच फूट, वजन साधारण वरवंट्याएवढे, आणि मी केलेला सर्वांत लांबचा प्रवास म्हणजे अंबरनाथ ते बदलापूर. तोही टेंपोतून, गादीच्या गुंडाळीत डोके खुपसून. तरीही मला एक गोष्ट ठाऊक होती, जी घरात दुसऱ्या एकाच माणसाला ठाऊक होती. ती बाहेर यायला एक तप लागले. तीच तुम्हाला सांगते.

माझा जन्म १९८६ सालचा, अंबरनाथच्या दोन खोल्यांतला. उमा नावाची एक मुलगी तिथे आपल्या वडिलांबरोबर राहायची. एका कारखान्याच्या ड्रॉइंग ऑफिसात ती ट्रेसर होती. म्हणजे इतरांनी पेन्सिलीने काढलेल्या पंपांच्या आणि झडपांच्या नकाशांवर पातळ कागद ठेवायचा आणि त्यावर शाईने तशाच रेघा ओढायच्या. दिवसभर दुसऱ्यांच्या झडपा गिरवून ती कंटाळून जाई. घरी आली की वाचनालयातून आणलेल्या विज्ञानकथा वाचत बसे. एके दिवशी त्याच वाचनालयाने प्रदर्शन जाहीर केले: विज्ञानकथेत शोभेल अशी वस्तू स्वतःच्या हातांनी बनवून आणा, विकत आणलेली चालणार नाही. त्या संध्याकाळी ऑफिसातल्या नकाशाच्या एका टाकाऊ छापील प्रतीच्या, म्हणजे अमोनिया प्रिंटच्या, पाठीवर उमाने मला काढले. नाक टोकदार, पोट गोल, मागे तीन इंजिने आणि खाली लांबलचक काटकुळे पाय. ते पाय बघूनच तिने माझे नाव टिटवी ठेवले. नाव मिळाल्याबरोबर मी 'ते' यान राहिले नाही, 'ती' झाले.

तिचे वडील नाक मुरडून म्हणाले, "टिटवी कशाला? टिटवी ओरडली की अपशकुन म्हणतात."

"अवकाशात आवाज जात नाही, अण्णा," उमा म्हणाली. "ओरडली तरी कोण ऐकणार?"

हे अण्णा म्हणजे विष्णुपंत. ओतकामाच्या कारखान्यातून वर्षभरापूर्वी निवृत्त झालेले पॅटर्नमेकर. पोलादाची एखादी वस्तू ओतायची तर आधी तशीच वस्तू लाकडाची करावी लागते. ती वाळूत दाबायची, उचलायची, आणि वाळूत उमटलेल्या पोकळीत पोलादाचा रस ओतायचा. ती लाकडाची वस्तू म्हणजे पॅटर्न. अण्णांनी तीस वर्षे असे पॅटर्न केले. त्यांच्या हातात सागाचा तुकडा दिला की त्यातून मनात असेल ते निघायचे. पण मी जन्मले तेव्हा ते हात वर्षभर रिकामे पडलेले होते.

त्याचे कारण उमाची आई, कुंदाबाई. विठ्ठलवाडीच्या चाळीत त्यांचा संसार होता, आणि तिथेच थोड्या आजारपणाचे निमित्त होऊन त्या गेल्या. अण्णा रडले नाहीत. त्यांनी बायकोच्या साड्या नात्यातल्या बायकांना वाटून टाकल्या. चाळीच्या गॅलरीचे दार लावून घेतले, आणि तीन महिन्यांत ती खोलीच सोडून लेकीला घेऊन अंबरनाथला आले. इथे आल्यापासून आईचे नाव त्यांच्या तोंडून एकदाही निघाले नाही. उमाच्या मनात हे काट्यासारखे रुतून बसले होते. एकदा तर तिने तोंडावर विचारले, "तुम्हाला आईचं काहीच वाटत नाही का हो?" अण्णा म्हणाले, "चहा टाकतेस का?" मित्रांनो, यानंतरचे सगळे समजून घ्यायचे तर हा प्रश्न आणि हे उत्तर लक्षात ठेवा.

तर उमाने माझा नकाशा त्यांच्यापुढे पसरला आणि म्हणाली, "बाहेरचं लाकडी कवच तुम्ही करा. आतलं आणि वरचं काम माझं. माप एकास पन्नास. म्हणजे यात बसणारा माणूस सव्वा इंचाचा."

"सव्वा इंचाचा माणूस!" अण्णा म्हणाले आणि चष्मा शोधू लागले. वर्षभरात त्यांनी पहिल्यांदाच कशासाठी तरी चष्मा शोधला होता.

उमा सामान जमवायला उल्हासनगरला गेली. तिथे गल्लोगल्ली प्लास्टिकचे छोटे कारखाने. वासुमल नावाच्या एका सिंधी शेठच्या कारखान्यात कंगवे, पेनांची टोपणे आणि बटणे निघत. बिघडलेला माल दाराशी पोत्यात पडलेला असे. उमा त्या पोत्यात कोपरापर्यंत हात घालून बसली तेव्हा शेठ बाहेर आले.

"अरे बेटी, ये सब रिजेक्ट माल है. इसका क्या करेगी?"

"अवकाशयान बनवतेय, शेठ."

"अवकाश... रॉकेट?" शेठनी पोत्याकडे एकदा पाहिले. मग आत जाऊन स्वतःच मूठभर तुकडे घेऊन आले. "ये ले, साईं. इसका छेद टेढ़ा है, पर रॉकेट में चलेगा."

अशी मी तयार होत गेले. मोडक्या कंगव्यांच्या दातांच्या माझ्या शिड्या झाल्या. रिकाम्या रिफिलींच्या नळ्या, टिचबटणांची झाकणे, शिवणयंत्राच्या बॉबिनचे फिरते तबक. तीन बॅटऱ्यांचे चकचकीत वाटीसारखे आरसे इंजिनांच्या तोंडाशी बसले. सायकलच्या तारांचे पाय आले. प्रत्येक तुकडा बसवताना उमा स्वतःलाच विचारायची, "हे कशासाठी?" आणि उत्तर दिल्याशिवाय चिकटवायची नाही. ही नळी थंड हवेची, हे झाकण दुरुस्तीचे, ही कडी दोर अडकवायची. तिची ती सवय मला लागली. मीही तेव्हापासून प्रत्येक गोष्टीला विचारते, तू कशासाठी?

अण्णांनी माझे कवच दोन फाळ्यांचे केले, उभे मधोमध दुभंगलेले. एका फाळीला लाकडी खुंट्या, दुसरीला त्यांची भोके, म्हणजे दोन्ही दाबल्या की घट्ट बसतात. उमाने आतला भाग वेगळा तयार केला होता: पुठ्ठ्याचा आणि प्लास्टिकच्या पत्र्याचा लांब मजला, त्यावर चालकाची खोली, खुर्च्या, बटणांच्या भिंती. तो मजला कवचात ठेवून तिने मला उचलले, आणि माझ्या पोटात खडखड असा आवाज झाला.

"अण्णा, हा तर खुळखुळा झाला!"

"तुझा मजला आखूड पडला."

"माझा मजला बरोबर आहे. तुमचं कवच लांब आहे."

दोघेही मापाची माणसे, हार कोण मानणार? शेवटी उमाने ऑफिसची पट्टी आणली, अण्णांनी आपली पोलादी पट्टी काढली, आणि दोन्ही शेजारी शेजारी ठेवल्या. एका टोकाला दोन्ही जुळत होत्या. दुसऱ्या टोकाला दोन्हींवर बाराचाच आकडा होता, पण अण्णांचा बारा चांगला पाव इंच पुढे जाऊन उभा होता.

"अण्णा! तुमचा फूट मोठा आहे!"

अण्णांनी कपाळावर हात मारला. "अगं, ही आमची पॅटर्नची पट्टी. ओतलेलं पोलाद थंड होताना आकसतं ना, फुटामागे पाव इंच. म्हणून पट्टीच तेवढी मोठी असते. आधीच मोठं धरायचं, म्हणजे आकसून मापात येतं."

"पण मी लाकडाची आहे. मी कुठे थंड होणारेय?" उमाने माझ्या वतीने चिरका आवाज काढून विचारले, आणि बापलेक दोघेही हसले. त्या घरात किती दिवसांनी कुणी हसले होते. तीस वर्षांची सवय, अण्णांचा हात आपोआप त्या पट्टीवर गेला होता. घेरातला फरक नगण्य होता, पण लांबीत माझ्या शेपटाकडे अर्ध्या इंचाहून मोठी फट राहिली.

"जाऊ दे," उमा म्हणाली. "तिथे लाकडाचा तुकडा बसवून टाका. आत कोण बघतंय?"

दुसऱ्या दिवशी उमा कामावर गेली. दुपारी अण्णा तो तुकडा तासायला बसले. फट मोजली. मग काय वाटले कोण जाणे, बोटांवर पन्नासने गुणले. "अडीच फूट," ते म्हणाले आणि थांबले. मला कुतूहल वाटले. अडीच फुटांत एवढे थांबण्यासारखे काय आहे?

त्यांनी लाकडाचा तुकडा बाजूला ठेवला. उमाच्या डब्यातून कंगव्याचे दात घेतले आणि त्यांचा एक कठडा केला. तिसरा गज मुद्दाम मोडून काढला. कठड्याशी गव्हाच्या दाण्याएवढा डालड्याचा डबा ठेवला आणि त्यात हिरव्या दोऱ्याची तुळस रोवली. मग तांब्याच्या तारेची एक बाई वळली. एक हात कठड्यावर, दुसरा कपाळाशी, उन्हात लांबवर बघताना धरतात तसा. शेवटी ते उठले, ट्रंकेच्या तळातून त्यांनी एक मोरपंखी साडी काढली आणि तिच्या काठाचा एक धागा ओढला. सगळ्या साड्या वाटल्या असे उमा म्हणायची. एक राहिली होती.

तो धागा बाईला गुंडाळून झाल्यावर अण्णांनी तिला कठड्याशी उभे केले. ती कलली. त्यांनी तिला सरळ केले आणि हळूच म्हणाले, "कुंदा, कठडा धर. पडशील."

जुन्या वळणाचा माणूस. बायको जिवंत असताना त्यांनी 'अगं' याशिवाय कधी हाक मारली नव्हती. ते नाव त्या दुपारी मी ऐकले आणि मला सगळे कळले. विठ्ठलवाडीच्या चाळीची गॅलरी अडीच फुटांचीच होती. पहिली पाळी सुटली की कुंदाबाई तिथे अशाच उभ्या राहायच्या, अण्णा वळणावर दिसेपर्यंत.

अण्णांनी दोन्ही फाळ्या खुंट्यांवर दाबून बसवल्या. संध्याकाळी उमाने विचारले, "चिकटवलंत?" ते म्हणाले, "बसवलंय." त्यांनी डिंकाचा थेंबही लावला नव्हता. पण उमाने वरून रंगाऱ्याची लांबी भरली, पॉलिश पेपरने घासली, राखाडी रंग दिला आणि सांधा दिसेनासा झाला.

मग तिने पेन्सिलीचा भुगा आणि काजळी घेतली आणि माझ्या कोऱ्या अंगावर चोळायला लागली. अण्णा हळहळले. "अगं, नवी सून उंबरठ्यावर आणायची आणि तोंडाला काजळी फासायची?"

"ती सात ग्रह फिरून आलीय, अण्णा. प्रवास दिसायला नको?"

अण्णांना ते पटले. दुसऱ्या दिवशी त्यांनी स्वतः माझ्या शिडीच्या खालच्या पायऱ्यांवरचा रंग खरवडला. म्हणाले, "माणसं चढतात-उतरतात तिथला रंग आधी जातो."

प्रदर्शनात मी बरीच मिरवले. मुलांनी गराडा घातला. ही कशावर चालते? आत झोपतात कुठे? अंघोळीचे पाणी खाली पडते की वर? एका परीक्षकांनी काठीने माझे शेपूट दाखवत विचारले, "आणि इथे काय आहे?"

उमा तोंड उघडणार इतक्यात अण्णा म्हणाले, "गॅलरी आहे."

सगळे सभागृह हसले. अवकाशयानाला गॅलरी! कपडे वाळत घालायला की काय? उमाही हसली आणि त्यांच्या कानाशी म्हणाली, "अण्णा, इथे थट्टा नको." मग ती परीक्षकांना म्हणाली, "ती माल ठेवायची जागा आहे." मला दुसरे बक्षीस मिळाले. पहिले एका बोलणाऱ्या यंत्रमानवाला गेले, ज्याच्या आत बनवणाऱ्याचा धाकटा भाऊ बसलेला होता.

दोन वर्षांनी उमाचे लग्न झाले आणि ती बदलापूरला गेली. मी अण्णांच्या कपाटावर राहिले. दर रविवारी ते दाढीच्या जुन्या ब्रशने माझी धूळ झटकायचे. शेपटाकडे ब्रश जरा रेंगाळायचा. ते माझे सुखाचे दिवस.

पुढे अण्णांचे गुडघे गेले. उमा आणि तिचा नवरा गुरुदत्त त्यांना बदलापूरच्या आपल्या फ्लॅटवर घेऊन आले. अण्णांना खाट मिळाली आणि मला स्वयंपाकघरावरचा माळा. वर्तमानपत्रात गुंडाळलेली मी, एका बाजूला जास्तीची गादी, दुसऱ्या बाजूला गणपतीचे थर्माकोलचे मखर. मला नावे ठेवायची नाहीत, पण मखराला निदान वर्षातून एकदा खाली उतरवत.

माळ्यावरून खालचे सगळे ऐकू यायचे. फ्लॅटला छान बाल्कनी होती. उमा अण्णांची खुर्ची तिथे नेऊन ठेवायची आणि ते ती ओढत परत आत आणायचे.

"अण्णा, बाहेर हवा आहे."

"इथे बरं आहे."

आईच्या श्राद्धाच्या दिवशी उमाने तिच्या आवडीचे सगळे रांधले. अण्णा जेवले आणि एवढेच म्हणाले, "आमटीत मीठ जास्त झालंय." उमा स्वयंपाकघरात येऊन भांडी आपटू लागली. "दगड आहेत अण्णा, दगड," ती नवऱ्याला म्हणाली. "आईची एक आठवण म्हणून नाही या माणसाला. मला त्यांच्याशी बोलावंसंच वाटत नाही." आणि खरोखरच तिचे बोलणे कमी कमी होत गेले. औषध घेतलेत का, जेवायला चला, एवढ्यावर आले. अण्णांचे वय झाले होते. हे असेच राहिले आणि एक दिवस ते गेले तर? मला त्याच विचाराने घेरले. मित्रांनो, बहुतेक वस्तू आपण फुटू नये म्हणून जीव मुठीत धरून राहतात. मी त्या माळ्यावर रोज मनात म्हणत असे, कुणीतरी मला खाली पाडा. पण मखर फार घट्ट रेलून बसले होते.

१९९८ च्या दिवाळीची साफसफाई निघाली. गुरुदत्त स्टुलावर चढला आणि त्याने मला बाहेर ओढले. "अगं, हे विमान भंगारवाल्याला द्यायचं का?"

"यान आहे ते," उमा म्हणाली. मग थोडे थांबून, "देऊन टाका. कोण बघतंय आता."

भंगाराच्या ढिगावर ठेवण्याआधी तिने सहज माझ्यावरची धूळ फुंकली. आणि तिची नजर अडकली. माळ्यावर स्वयंपाकाची धग, वर्षानुवर्षांची. माझे लाकूड वाळले होते, आकसले होते, आणि नाकापासून शेपटापर्यंत रंगाला एक बारीक चीर गेली होती.

"तडा गेला वाटतं," गुरुदत्त म्हणाला.

उमाने चिरेवरून नख फिरवले. आयुष्य रेघा ओढण्यात गेलेली बाई ती. "तडा कधी इतका सरळ जात नाही," ती पुटपुटली. "हा सांधा आहे. पण हे तर चिकटवलं होतं..." आणि मग, मित्रांनो, तिने तोच जुना प्रश्न विचारला, "हे कशासाठी?"

तिने दोन्ही हातांनी मला धरून ताणले. खुंट्या करकरल्या, सुटल्या, आणि बारा वर्षांनी माझ्या पोटात उजेड आला.

उमाने आधी आपला मजला पाहिला आणि तिला हसू आले. मग शेपटाकडे पाहिले. कठडा. डालड्याच्या डब्यातली तुळस. तिने बोटाच्या टोकाने गज मोजले आणि मोडलेल्या तिसऱ्या गजाशी बोट थांबले. लहानपणी त्याच फटीतून डोके घालून ती रस्ता बघायची आणि आई मागून तिचा फ्रॉक धरून ठेवायची. मग तिला मोरपंखी धागा दिसला. ती तिथेच फरशीवर बसली आणि रडली. वर्षानुवर्षे अण्णांच्या वाटचे म्हणून ज्या रडण्याचा हिशेब ती मागत होती, ते या बोटभर जागेत उभे होते.

मला तसेच उघडे घेऊन ती अण्णांच्या खाटेशी गेली. "अण्णा, हे काय?"

अण्णांनी चष्मा शोधला. पाहिले. "गॅलरी," ते म्हणाले.

"मला का नाही सांगितलंत?"

"सांगितलं होतं की. सगळ्यांसमोर. तू हसलीस."

उमाने तारेच्या बाईवरून बोट फिरवले. अण्णाच म्हणाले, "म्हटलं राहू दे. खुंट्यांवरच ठेवलंय, कधीतरी उघडशील. बघितल्याशिवाय राहणारी पोर नाहीस तू. जरा उशीर केलास."

"मग बाल्कनीत का बसत नाही तुम्ही? आईच्या आठवणीनं?"

अण्णांनी बाल्कनीच्या दाराकडे पाहिले. "आत बसलं की वाटतं, ती बाहेर उभी असेल. बाहेर गेलो की कळतं, नाही."

उमाने डोळे पुसले. त्यांचा हात हातात घेऊन ती थोडा वेळ बसून राहिली. मग कशाला तरी हात घालायला हवा म्हणून ड्रॉवरमधून तिने आपली ऑफिसची जुनी पट्टी काढली आणि तारेच्या बाईला लावून पाहिली. भुवया उंचावल्या. "अण्णा, आई मापापेक्षा केसभर उंच झालीय. तुमच्या पट्टीनं केलीत ना? तेव्हा तर चूक कळली होती तुम्हाला."

"चूक नव्हती ती," अण्णा म्हणाले. "आकसेल म्हणून मोठी धरली होती." त्यांनी चष्मा काढून धोतराच्या सोग्याने पुसला. "नाही आकसली."

आता मी बाल्कनीत असते, एका स्टुलावर, फाळ्या उघड्या टाकून. अण्णांची खुर्ची माझ्या शेपटासमोर असते आणि ती आता कुणी आत ओढत नाही. बापलेक तिथे बसून चहा पितात आणि विठ्ठलवाडीच्या गोष्टी करतात. मीठ जास्त झाले की अण्णा अजूनही सांगतात.

मित्रांनो, जुन्या वस्तूंची धूळ पुसत जा, त्यांना उन्हापावसात टाकू नका, हे तर कुठलीही खुर्ची किंवा छत्री तुम्हाला सांगेल. माझे मागणे थोडे वेगळे आहे. घरातली एखादी वस्तू भंगारात टाकण्याआधी, किंवा घरातल्या एखाद्या गप्प माणसाला दगड म्हणण्याआधी, आत काय आहे ते एकदा विचारा. उत्तर थट्टेचे वाटले तर हसा, पण उघडूनही बघा. उमाच्या आईने बारा वर्षे माझ्या पोटातल्या अंधारात कपाळाशी हात धरून वाट पाहिली. आता तिच्यासमोर अण्णा बसलेले असतात.